लोखंडी पायचिलखत मापात कसं बसवायचं

नागपूरच्या महाल भागात माझं आल्टरेशनचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. पॅन्टची कंबर, ब्लाऊजचा मुंढा, शेरवानीचे खांदे, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतले राजे आणि प्रधान. त्यांच्या चिलखतांसाठी मी कायम सुतळीचं विणकाम वापरत आले, वरून चंदेरी रंग. खरं लोखंडी चिलखत हातात आलं ते भाच्यामुळे.

तो आणि त्याचे पाच-सहा मित्र रविवारी सकाळी ढाल-तलवारीची तालीम करतात, १३व्या शतकातल्या युरोपातल्या सैनिकांसारखी. त्याने पायांसाठी कड्यांचं चिलखत मागवलं. याला तिकडे ‘शॉस’ म्हणतात: मांडीपासून पावलापर्यंत एकेक पाय वेगळा, लोखंडाच्या लांब मोज्यासारखा. गोणी माझ्या कटिंगच्या टेबलावर रिकामी केली आणि म्हणाला, “मावशी, हे घोट्यातून वर चढूनच नाही राहिलं, अन् चढवलं का मांडीवरून खाली येऊन राहिलं.” खाली घट्ट आणि वर सैल, दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. माल परदेशी गिऱ्हाइकाच्या मापाने बनवलेला, सहा फुटांच्या माणसासाठी. आमचा मुलगा साडेपाच फुटांचा. दोन्ही पाय मिळून वजन ७ किलो ६०० ग्रॅम.

तेव्हापासून मी अशा सात जोड्या बसवून दिल्या. ज्यांच्या घरात अशी जोडी येऊन पडली आहे आणि घालून चार पावलं चालवत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पायचिलखत पायाला धरून राहत नाही. मांडी वरून रुंद आणि खाली निमुळती असते, तिच्यावर साडेतीन किलोचं ओझं कसं थांबेल? ते कमरेला टांगायचं असतं आणि गुडघ्याखाली बांधायचं असतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा म्हणतो, “मांडीत कमी करून द्या.” मी आधी टांगणं दुरुस्त करते, आणि सातपैकी तीन जोड्यांना मांडीत एक कडीही काढावी लागली नाही.

कडी ओळखा

या जाळीत प्रत्येक कडीत चार कड्या अडकलेल्या असतात, वरच्या ओळीतल्या दोन आणि खालच्या ओळीतल्या दोन. हल्ली मिळणाऱ्या मालात कडीचा आतला व्यास बहुतेक ९ मिलिमीटर असतो, पण व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजल्याशिवाय सुट्या कड्या मागवू नका. एका मिलिमीटरचा फरक विणीत लगेच दिसतो.

कडी कशी बंद केली आहे, त्यावर पुढचं सगळं काम ठरतं. स्वस्त मालात तार नुसती गोल वाकवून टोकाला टोक भिडवलेलं असतं. ही कडी दोन पक्कडींनी उघडते आणि मिटते, त्यामुळे शिकायला उत्तम. पण ताण पडला की आपोआपही उघडते. चांगल्या मालात टोकं एकमेकांवर चढवून, चपटी करून, भोक पाडून रिवेट, म्हणजे बारीक खिळी, मारलेली असते. तिसऱ्या प्रकारात एक ओळ रिवेटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची, पत्र्यातून वॉशरसारख्या कापलेल्या. युरोपात साधारण १४व्या शतकापर्यंत ही आलटून-पालटून वीण बरीच वापरत. भाच्याची जोडी याच जातीची होती.

या तिसऱ्या प्रकारात कापायची ती फक्त रिवेटची कडी. अखंड कडी कधीच कापायची नाही. कारण साधं आहे: अखंड कड्यांना तोंड नसतं, त्यांना धरून ठेवणाऱ्या सगळ्या रिवेटच्याच. रिवेटवाली कापली की तिने धरलेल्या चार अखंड कड्या शाबूत सुट्या होतात आणि पुन्हा वापरता येतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी कात्री चालवावी तशी सरळ रेषेत कटर चालवली, आणि ४० चांगल्या कड्या वाया गेल्या.

कड्यांवर जस्ताचा मुलामा असेल तर त्यांना गॅसवर किंवा ब्लोलँपने तापवू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

कापडासारखीच याला दिशा असते

ही मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. जाळीचा हातभर तुकडा वरच्या काठाला धरून लोंबू द्या. मग तोच तुकडा काटकोनात फिरवून धरा. एका दिशेने धरला की तो स्वतःच्या वजनाने मिटतो, अरुंद आणि लांब होतो. दुसऱ्या दिशेने धरला की उघडा, पसरलेला राहतो. पायासाठी मिटणारी दिशा हवी. म्हणजे ओळी पायाभोवती बांगड्यांसारख्या आडव्या गेल्या पाहिजेत. मग जाळी पायाला लपेटून बसते आणि पोटरीचा स्नायू फुगला की घेराला ताणही देते. लांबीत मात्र ती अजिबात ताण देत नाही. होजिअरीचं कापड शिवणाऱ्यांना हे लगेच कळेल: ताण आडवा आहे, उभा नाही.

यामुळेच घेराचं माप फसवं असतं. गोळा झालेली जाळी आणि तीच ताणलेली जाळी यांत दीडपटीहून जास्त फरक पडतो. टेप लावून “मांडी २८ इंच आहे” असं म्हणण्याला काही अर्थ नाही. मी टेप पायाला लावते, जाळीला नाही. जाळी पायावर घालूनच ठरवते.

आधी आतला थर

उघड्या पायावर किंवा जीन्सवर माप घेऊ नका. लोखंडी जाळी तलवारीची धार अडवते, मार अडवत नाही. त्यासाठी आत गादी हवी. शिवाय कड्यांच्या फटीत पायाचे केस अडकतात, आणि ते फार दुखतं.

मी गांधीबागेच्या कापड बाजारातून मांजरपाट आणते, दोन पदरांत पिंजलेला कापूस पसरते आणि गोधडीसारखे उभे दोरे घालते, दोन बोटांच्या अंतराने. मांडीला आणि गुडघ्याला जाड, पोटरीला पातळ. गुडघ्यामागच्या खळगीत कापूस नकोच, तिथे नुसतं दुपदरी कापड. मांजरपाट आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या घामाच्या धुण्यात आटेल आणि सगळं माप बिघडेल. सिंथेटिक फायबर भरू नका. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. कापूस घाम पितो, फायबर तो आतच कोंडतं.

माप बसून घ्यायचं

पहिल्या जोडीची मोठी चूक इथेच झाली. भाच्याला सरळ उभं केलं, पॅन्टचं घेतो तसं माप घेतलं, लांबी अगदी चोख बसवली. आरशासमोर फार देखणं दिसलं. मग तो बूट घालायला स्टुलावर बसला, आणि वरच्या बंदाजवळच्या दोन कड्या ताडकन तुटल्या.

गुडघा वाकला की पुढची लांबी वाढते. कापड थोडं सोसतं, सरकतं, चुरगळतं. लोखंडाची जाळी उभी ताणत नाही, म्हणून तो सगळा ओढा वरच्या बंदावर येतो. त्याचं पुढचं माप मांडीच्या वरच्या खुणेपासून पावलाच्या उंचवट्यापर्यंत उभ्याने ३० इंच होतं, गुडघा काटकोनात वाकवल्यावर ३२. हे दोन इंच सोडावेच लागतात. उभं राहिल्यावर ते गुडघ्याच्या वर सैल झोळासारखे दिसतात. दिसू द्या. तो झोळ कापायचा मोह होईल, पण तोच गुडघ्याची जागा आहे.

तर आतला थर घालून, स्टुलावर बसवून पुढची लांबी घ्या. मग उभं करून घेर: मांडीचा वरचा, गुडघ्याच्या चार बोटं वर, गुडघ्याच्या लगेच खाली, पोटरीचा सर्वांत जाड भाग, घोटा. आणि शेवटी ते माप, जे चुडीदार शिवणाऱ्या प्रत्येकीला पाठ असतं: टाचेच्या टोकापासून पावलाच्या उंचवट्यावरून फिरवलेला तिरपा घेर. भाच्याचा घोटा, गादीसकट, साडेदहा इंच. टाचेचा तिरपा घेर १४. म्हणजे बंद मोज्यासारखं चिलखत घोट्यात पूर्ण ताणून १४ इंच उघडलंच पाहिजे, नाहीतर पाय आत जाणार नाही. त्याच्या जोडीत ते १३ वरच अडकत होतं.

चुडीदारला आपण काय करतो? खाली फट ठेवून हूक लावतो. इथेही तेच केलं. घोट्याच्या मागे, टाचेच्या वर, पाच इंचांची उभी फट उघडली आणि दोन्ही काठांतून चामड्याची वादी बुटाच्या लेससारखी आडवी-तिडवी ओवली. आता पाय सहज जातो आणि वादी ओढली की घोटा घट्ट बसतो. चुडीदारच्या चुण्या मात्र इथे नकोत. लोखंडाच्या चुण्या घोट्यावर साचल्या की सगळं वजन पावलाच्या उंचवट्यावर येतं आणि तासाभरात तिथली कातडी सोलून निघते.

टांगणं

कंबरपट्टा किमान दोन इंच रुंद, चामड्याचा किंवा चौपदरी कापडाचा, आणि तो पोटावर नाही, कुल्ल्याच्या हाडांवर बसला पाहिजे. इलॅस्टिक बिलकूल नको. इलॅस्टिकवर साडेतीन किलो टांगलं तर प्रत्येक पावलाला ते वर-खाली उडतं आणि दर वेळी मांडीवर धपकन बसतं.

चिलखताच्या वरच्या काठाला एका कडीत बंद बांधू नका. मी शेवटच्या दोन ओळींतून बोटभर रुंद चामड्याची पट्टी आत-बाहेर ओवून घेते, तिला नेफ्यासारखी टाचते, आणि बंद त्या पट्टीला लावते. मग वजन पंचवीस-तीस कड्यांत वाटलं जातं. प्रत्येक पायाला तीन बंद: एक समोर, एक बाहेरच्या कुल्ल्यावर, एक मागे तिरका. बाहेरचा बंद सर्वांत आखूड आणि मजबूत, खरा भार त्याचा. मांडीच्या आतल्या बाजूला बंद नाहीच, आणि तिथला काठ तिरका, तीन-चार बोटं खाली उतरता हवा. काठ सरळ ठेवला तर चालताना दोन्ही मांड्यांच्या मध्ये लोखंडाला लोखंड घासतं.

मग गुडघ्याखालचा पट्टा. मला विचाराल तर सगळ्या कामाचा जीव यात आहे. गुडघ्याची वाटी संपते तिच्या खाली आणि पोटरी फुगायला लागते त्याच्या वर, तिथे पायाला नैसर्गिक कंबर आहे. त्या जागी बाहेरून पट्टा बांधला की नडगीचं आणि पावलाचं सगळं वजन पोटरीच्या उंचवट्यावर टेकतं. कमरेला उरतं फक्त मांडीचं. भाच्याला पट्टा बांधून जिना चढायला लावला तेव्हा तो वरूनच ओरडला, “मावशी, अर्धं झालं वजन!” १३व्या शतकातल्या युरोपातल्या चित्रांत आणि थडग्यांवरच्या दगडी सरदारांच्या पायांवर गुडघ्याखाली असा पट्टा कोरलेला सापडतो. मी तो शोभेचा समजत होते.

पट्ट्याबाबत एक इशारा, आणि तो मनावर घ्या. गुडघ्याच्या थोडं खाली, पायाच्या बाहेरच्या बाजूला हाडाची एक गाठ हाताला लागते. तिच्या लगेच खालून एक नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नाही) कातडीच्या अगदी जवळून वळसा घेऊन जाते. तिच्यावर पट्टा करकचून बांधला तर पावलाला मुंग्या येतात, आणि तसाच ठेवला तर पाऊल वर उचलेनासं होऊ शकतं. पट्टा दीड इंच तरी रुंद असावा, त्याखाली गादी असावी, बक्कल पुढे नडगीच्या आतल्या बाजूला यावं, आणि पट्ट्यात एक बोट सहज सरकलं पाहिजे. मुंग्या आल्या की तालीम थांबवून आधी पट्टा सोडा.

एवढं झाल्यावर दोन दिवस घालून चाला. अजूनही जिथे जाळी लोंबते तिथेच कापायचं.

कापणं आणि जोडणं

हत्यारं फार लागत नाहीत. दोन पक्कडी, एक छोटी टोकदार कटर, रिवेट दाबायची खास पक्कड (हिच्या एका जबड्यात छोटी वाटी कोरलेली असते), सुट्या कड्या आणि रिवेट. डोळ्यांना चष्मा हवाच; कापलेली कडी गोळीसारखी उडते. माझ्या दुकानात सुया उचलायला जुन्या स्पीकरचं चुंबक आहे. काम झालं की त्याने फरशी झाडून घेते, कारण हे तुकडे पायात काट्यासारखे घुसतात.

लांबी कमी करायची तर वरून. पॅन्टला आपण खालून दुमडतो, इथे उलट. पाऊल आणि घोटा यांना आकार दिलेला असतो, मांडीचा भाग बहुतेक सरळ नळी असतो. तिथून काढलं तर काहीच बिघडत नाही. ओळी जोडीने काढा, एक अखंड आणि एक रिवेटची, म्हणजे क्रम मोडत नाही. भाच्याच्या जोडीत तीन इंचांसाठी १२ ओळी गेल्या. तुमच्या जाळीत किती जातील ते लोंबत्या जाळीवर मोजा.

घेर कमी करायचा तर मागच्या बाजूने, जरा आत. चिलखत पायावर असताना जादा जाळी मागे चिमटीत धरा आणि टाचण्यांऐवजी तांब्याच्या बारीक तारेचे पीळ मारत खाली या. मोटर वाइंडिंगच्या दुकानात जुनी तार मिळते. मग बसायला लावा, उकिडवं बसायला लावा, चालवा. जिथे ओढतं तिथले पीळ सोडा. समाधान झालं की दोन्ही काठांवर लाल दोरा ओवून खूण करा. खडूची खूण तेलकट लोखंडावर टिकत नाही.

आता काढायची ती उभी पट्टी. नियम असा: कापून झाल्यावर डाव्या काठाची कडी आणि तिच्यासमोरची उजव्या काठाची कडी एकाच आडव्या ओळीतली असली पाहिजे, आणि दोन्ही काठांवर अखंड कड्या उरल्या पाहिजेत. मग मधे रिवेटच्या कड्यांची एकच उभी ओळ येते. प्रत्येक नवी कडी डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन कड्यांतून जाते. बरोबर जमलं तर शिवण दिसतच नाही. कापडात शिवण कितीही सफाईने मारली तरी उलट्या बाजूला दिसते, लोखंडात ती दोन्ही बाजूंनी नाहीशी होते. मला दर वेळी याचा आनंद होतो.

मांडीपासून गुडघ्यापर्यंत निमुळतं करायचं असेल तर सरळ पट्टीने भागत नाही. तिथे कमी घालायची, लोकर विणताना दोन टाके एकत्र घेतो तशी. नवी रिवेटची कडी वरच्या दोन कड्यांऐवजी तीन कड्यांतून ओवा, खाली नेहमीसारख्या दोन. त्या ओळीत एक कडी कमी झाली. वाढवायचं असेल तर उलट, वरच्या ओळीत एक जादा कडी लोंबती ठेवून पुढच्या ओळीपासून तिला विणीत घ्यायची. या कमी-जास्तीच्या जागा एकाखाली एक आणू नका, तिथे दोरीसारखा उंचवटा तयार होतो. एक डावीकडे, पुढची तीन-चार ओळी सोडून उजवीकडे. ही कमी पायाच्या मागे घाला. गुडघ्याच्या वाटीवर कमी कधीच नको, तिथे वाढवणंच बरं.

कापताना रिवेटच्या समोरची बाजू कापा. रिवेटजवळ धातू दुहेरी असतो, तिथे कटरची धार मोडते. नवी कडी उघडताना टोकं दोन बाजूंना फाकवू नका, एक पुढे एक मागे अशी मुरडा. मिटताना तोच गोल परत येतो. रिवेट त्रिकोणी असेल तर तिचं रुंद बूड आत, पायाकडे, आणि टोक बाहेर. पक्कड दाबली की टोक बसून घुंडी होते. बोट फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर पुन्हा दाबा, कारण तेच टोक मांजरपाट फाडणार आहे.

गुडघ्यामागे जाळी गोळा होऊन चावत असेल तर तिथल्या चार-पाच ओळींतून मधल्या कड्या काढून बदामाएवढी खिडकी ठेवली तरी चालतं. आतून दुपदरी कापड आहेच.

पाऊल

तळव्याखाली जाळी ठेवू नका. फरशीवर ती घसरते, मातीत खडे धरते, आणि चार तालमींत झिजते. पावलाची जाळी तळव्याच्या कडेला संपवा, कडेने चामड्याची पट्टी ओवा आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोचीकाकांसारख्या जाणत्या माणसाकडून तिला चामड्याचा तळ शिवून घ्या. काकांनी एका तासात दोन्ही तळ लावले, आणि स्वतःहून टाचेखाली एक जादा थर दिला. तळ नको असेल तर दोन वाद्या, एक चवड्याखाली आणि एक टाचेच्या पुढे, आणि त्यावरून साधा बूट.

अर्धं चिलखतही चिलखतच

सगळा पाय झाकणारी जोडी बसवणं ज्यांना जड वाटतं, त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहे: जाळीची फक्त रुंद पट्टी, मांडी आणि नडगी पुढून झाकणारी, मागे वाद्यांनी आवळलेली. हाही प्रकार युरोपात खरोखर वापरात होता. मागचा पाय मोकळा, वजन बरंच कमी, टाचेची अडचणच नाही, आणि माप बदललं तर वादी सैल करा एवढंच. नागपूरच्या हवेत नव्याने सुरू करणाऱ्याने हाच घ्यावा असं माझं मत आहे.

बायो नावाच्या फ्रान्समधल्या गावाचं ११व्या शतकातलं एक लांबलचक भरतकाम आहे, सुमारे ७० मीटर, लिननवर लोकरीचे टाके. १०६६ साली नॉर्मन सैन्याने इंग्लंड जिंकलं, त्या लढाईची गोष्ट त्यात आहे. भाच्याने मोबाईलवर दाखवलं तेव्हा मी आधी टाके बघितले, मग पाय. बहुतेक शिपायांच्या अंगात चिलखत आहे आणि पाय मोकळे. पायावर कड्या आहेत त्या मोजक्यांच्या, त्यात नॉर्मनांचा सरदार विल्यम. म्हणजे तेव्हाही पायचिलखत सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हतं. आपल्याकडेही चिलखत कड्यांचंच. जिरेटोपातला ‘जिरे’ म्हणजे जिरह, कड्यांची जाळी. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या सरकारी संग्रहालयात, शस्त्रांच्या दालनात गेलात तर काचेला नाक लावून विणीकडे बघा.

गंज

नागपूरचा पावसाळा लोखंडाला सोडत नाही. घाम तर त्याहून वाईट. तालीम झाली की कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली पसरून वाळवा, आणि शिलाई मशीनचं तेल फडक्यावर घेऊन हलका हात फिरवा. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका, ते महिन्याभरात चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज चढलाच तर रंगाच्या रिकाम्या डब्यात कोरडी वाळू आणि जाळी घालून, झाकण घट्ट लावून, अंगणात पंधरा-वीस मिनिटं लोळवा. युरोपात जुन्या काळी पिंपात वाळू घालून असंच साफ करत. आधी चामड्याच्या पट्ट्या आणि तळ सोडवून ठेवा.

उन्हात वाळत घालू नका. एप्रिलमध्ये एकदा गच्चीवर टाकलेली जोडी उचलताना माझे तळहात पोळले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायला सांगते, आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघायला. गुडघ्याखालचा पट्टा आणि वरची नेफ्याची पट्टी वेगळी काढून ठेवा. ओलसर चामड्याला टेकलेल्या कड्या सगळ्यात आधी गंजतात.

काढलेल्या अखंड कड्या बरणीत भरा आणि वर चिठ्ठी लावा: व्यास, जाडी, कुणाची जोडी, कुठल्या पायाच्या कुठल्या भागातून काढल्या. भाच्याच्या बरणीतल्या ३८ कड्या मी मागच्या डिसेंबरात त्याच्याच पोटरीला परत लावल्या. वर्षभर जिने चढून तिचा घेर पाऊण इंच वाढला होता.